बैलाचा घसारा कुणाच्या खात्यावर?

(चिंचोळी एमआयडीसी येथील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



आज आपण कारखान्यांच्या मधोमध बसलो आहोत, तेव्हा सुरुवात कारखान्याच्या हिशेबाने करू. इथल्या कुठल्याही शेडमध्ये नवे यंत्र आले की पहिल्या वर्षापासून वहीत त्याचा घसारा लागतो. यंत्र थकले की भंगारात जाते आणि त्याचे पैसे नव्या यंत्राला लागतात. आपलेही एक यंत्र आहे, चार पायांचे. त्याचे भंगार विकायला सरकारने बंदी केली आहे. त्यावर बोलायचेच आहे, पण आधी बैलावर बोलू.

कोरडवाहू रानाला खिलार, हे सांगोला, मंगळवेढा, आटपाडीकडच्या माणसाला सांगायला नको. चालीला चपळ, उन्हाला न हटणारा, कडब्यावर निभावणारा. गाय दुधाला कमी, कारण ही जात आपल्या वाडवडिलांनी कामासाठीच जपली. पण बाजारात गेलो की आपण शिंगे बघतो. शिंगे औत ओढत नाहीत. आधी खूर बघा. तो काळा, टणक, दोन नख्या जवळजवळ असलेला हवा. मग बैल चालवून बघा. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर किंवा जवळ पडला पाहिजे. छाती रुंद, कातडी अंगाला घट्ट. दात स्वतः बघा, दलालाच्या तोंडावर जाऊ नका. पहिले दोन दात दोन-अडीच वर्षांना येतात, आठही जुळायला साडेचार-पाच वर्षे लागतात. दुसा घेतला तर वर्षभर हलक्या कोळप्यालाच लावा. अंगावरच्या भोवऱ्याचे म्हणाल, तर तो उपरण्याखाली बोटे धरताना भाव पाडायच्या उपयोगाचा. दुसरा काही उपयोग आम्हाला दिसला नाही.

जनावर आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी ओढ दिवसभर टिकवते. चारशे किलोचा बैल म्हणजे चाळीस किलो. त्याच्यावर रोज ताण दिला की आधी खांदा जातो. खांदेसूज आली की ऐन पेरणीत जोडी बसून राहते. जू रंधून गुळगुळीत ठेवा. जोडी उंचीने आणि चालीने सारखी नसेल तर सगळा भार एकाच्या मानेवर येतो. बेंदराच्या आदल्या दिवशी आपण खांदेमळणी करतो. ती कामाच्या दिवसांत रोज संध्याकाळी व्हायला हवी.

वैरणीला मालदांडीचा कडबा आहेच. ३५-१ हा वाण इथून जवळच्या मोहोळच्या केंद्रावरचा. तो ज्वारीसाठी नावाजला, पण आपल्यातल्या कितीकांनी तो कडब्यासाठीच धरून ठेवला. कुट्टी करून घातला तर नासाडी वाचते. कामाच्या दिवशी किलो-दीड किलो सरकी पेंड आणि चिमूटभर नव्हे, मूठभर मीठ. पावसाने ओढ दिली की ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यांत जनावर सोडू नका. किराळ लागली तर डॉक्टर यायच्या आत जनावर जाते. घटसर्प आणि फऱ्याची लस मृगाआधी. लम्पीने २०२२ साली राज्यभरचे जनावरांचे बाजार बंद पाडले होते, त्याचीही लस चुकवू नका.

आता मूळ मुद्दा. १९७६ च्या कायद्याने गाय कापायला बंदी होती. कामातून गेलेला बैल मात्र दाखला घेऊन विकता येत होता. मार्च २०१५ पासून तोही बंद झाला. त्याच वर्षी दुष्काळ होता. आमच्या दावणीचा एक बैल तेव्हा गुडघ्यातून गेला. दोनदा बाजाराला नेला, दोनदा परत आणला. गिऱ्हाईक नाही आणि टेम्पोवाला हात लावायला तयार नाही. कडबा विकत घेऊन त्याला पोसला. नवा बैल घ्यायला जुन्याचे जे पैसे लागत, ते आलेच नाहीत. शेवटी भाड्याचा ट्रॅक्टर सांगितला. ती दावण आजही रिकामी आहे.

यात गोवंशाचे रक्षण कुठे झाले? फ्रान्समध्ये ट्रॅक्टर आल्यावर ओढीचे जड घोडे संपायला आले होते. ब्रेताँ, आर्देन या जाती टिकल्या, त्यामागे एक मोठे कारण म्हणजे त्यांच्या मांसाला गिऱ्हाईक होते. घोडा खाणे कुणाला पटो न पटो, पण विकता येत होता म्हणून शेतकरी घोडी राखत राहिला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना वाट दिली, तेव्हा खिलार खोंडांचा भाव वर आला, हे आपण पाहिले. पण शर्यतीला पळणारा खोंड शंभरात एखादा. कुळवाच्या बैलाचे काय?

३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारने देशी गाय राज्यमाता जाहीर केली आणि गोशाळेतल्या गायीला रोज ५० रुपये ठरवले. म्हणजे म्हातारे जनावर सांभाळायला खर्च येतो, हे सरकारला कळते. मग तोच खर्च आपण सोसतो, त्याचे काय?

आजच्या ठरावात दोनच ओळी घालाव्यात असे आम्हाला वाटते. बैल विकण्याची मोकळीक परत द्या. ती देणार नसाल, तर थकलेल्या बैलाची वैरण मालकाच्या खात्यावर रोजच्या रोज जमा करा. प्रत्येक तालुक्याने आपल्या गावांत २०१५ नंतर किती जोड्या मोडल्या, त्याची यादी पुढच्या बैठकीला आणावी.