तांब्याच्या तारेचा धडा



राष्ट्राची संपत्ती केवळ तिजोरीत नसते. ती भूमीखाली पुरलेल्या तांब्याच्या तारांतही असते. मनुष्याचा आवाज दूरध्वनीवरून नेण्यास सुमारे ४ हजार हर्ट्झपर्यंतची कंप्रता पुरते. त्यावरचा विस्तृत पट्टा अनेक दशके रिकामाच पडून होता. एडीएसएल तंत्राने हा पट्टा सुमारे ११ लाख हर्ट्झपर्यंत माहितीच्या वहनासाठी उपयोगात आणला. घरातील स्प्लिटर आवाज व माहिती वेगळी करतो. एक्स्चेंजमधील यंत्रणा माहितीचा प्रवाह इंटरनेटकडे वळविते. नवा रस्ता खणावा लागत नाही आणि दूरध्वनीही बंद पडत नाही. मात्र एक्स्चेंजपासून अंतर वाढले, अथवा सांध्यात पाणी शिरले, की संकेत क्षीण होतो.

या क्षेत्रात भारतीय बुद्धी मागे नव्हती. आयआयटी मद्रासचे प्रा. अशोक झुनझुनवाला यांच्या टेनेट गटाने साध्या दूरध्वनी तारेवरून आवाज व इंटरनेट एकत्र देणारी ‘डायस’ प्रणाली विकसित केली होती.

२००४ साली ट्रायने सरकारी कंपन्यांच्या तारा इतरांनाही वापरू द्याव्यात, अशी शिफारस केली. शासनाने ती स्वीकारली नाही. राष्ट्रीय संपत्ती राष्ट्राच्याच हाती राहावी, ही भूमिका समजण्यासारखी आहे. परंतु स्वामित्वासोबत कर्तव्यही येते. त्याच वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ किलोबिट हा किमान वेग ठरविला आणि २०१० पर्यंत २ कोटी जोडण्यांचे लक्ष्य ठेवले. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलची ‘डेटावन’ सेवा सुरू झाली. तरीही २०१० अखेर देशातील ब्रॉडबँड जोडण्या सुमारे १ कोटी १० लाखांवरच थांबल्या. पुढे मोबाइलची लाट आली आणि असंख्य तारा मूक झाल्या.

आज भारतनेटचे प्रकाशतंतू ग्रामपंचायतींपर्यंत जात आहेत. २७ सप्टेंबर २०२५ रोजी बीएसएनएलच्या स्वदेशी ४-जी जाळ्याचे राष्ट्रार्पण झाले. हा अभिमानाचा विषय आहेच. परंतु तांब्याच्या तारेने दिलेला धडा विसरता कामा नये. उद्घाटनाच्या दिवशी दीप सर्वांनाच लावता येतो. त्यात तेल मात्र रोज घालावे लागते. भर पावसात खांबावर चढून तुटलेली तार जोडणारा लाइनमन हाही राष्ट्रनिर्माताच आहे. स्वदेशी म्हणजे केवळ आपल्या देशात बनविणे नव्हे. जे आपले आहे, ते निष्ठेने जोपासणे म्हणजे स्वदेशी!