पाचशे पानांचा अंदाज

बायांनो, चुलीपुढं बसला असाल तर काम चालू द्या, कान तेवढा इकडं ठेवा. आम्ही माण तालुक्यातल्या एका बचत गटाच्या नऊ जणी बोलतोय. लग्न, बारसं, डोहाळजेवण, सप्ताह, वास्तुशांत, कुठंही शंभरापासून हजार माणसांपर्यंतचा स्वयंपाक आम्ही करून देतो. नवीन गावात गेलो की माणसं विचारतात, "तुमचा आचारी कोण?" आम्ही म्हणतो, "आम्हीच." मग ती आमच्या मागं टेम्पोकडं बघतात, एखादा गडी माणूस उतरतोय का म्हणून. आता आम्हाला त्याची सवय झाली आहे.

आज पाककृती सांगणार नाही. स्वयंपाक तुम्हाला येतोच. पण घरातला स्वयंपाक आणि पाचशे पानांचा स्वयंपाक यात काय फरक आहे, आणि त्या कामाची मजुरी कशी मागायची, हे सांगायला आलोय. त्यात आमची एक मोठी चूकही सांगणार आहोत. झाकून ठेवली तर ती दुसऱ्या गटाच्या हातूनही होईल.

आमची सुरुवात छावणीत झाली. २०१९ साली दुष्काळात आपल्याकडं चारा छावण्या लागल्या होत्या. जनावरं तिथं, म्हणून माणसंही तिथंच. पहिले काही दिवस ज्याची त्याची तीन दगडांची चूल होती. जळण कमी, पाणी टँकरचं. मग आमच्यातली एक आत्या म्हणाली, "दहा चुलींना दहा भारे जळण लागतंय, एका चुलाणाला तीन पुरतील." तेव्हापासून जिच्याकडं जे असेल ते एकत्र करायचं ठरलं. कुणी बाजरी, कुणी मटकी, कुणी नुसतं तिखटमीठ. साठ-सत्तर माणसांचं एकत्र जेवण करताना आपले हात मोठ्या पातेल्याला पुरतात, हे आम्हाला तिथं कळलं.

त्यानंतर गावातल्या एका लग्नाचा स्वयंपाक आम्हाला मिळाला. दोन दिवस राबलो. शेवटी आम्हाला साडीचोळी दिली, ओटीत नारळ घातला आणि उरलेली बुंदी डब्यात भरून दिली. पैशाचं कुणी बोललं नाही, आम्हीही बोललो नाही. घरी आल्यावर एकीच्या सुनेनं विचारलं, "दोन दिवस रानात खुरपायला गेला असता तर किती मिळाले असते?" त्यावर कुणालाच उत्तर सुचलं नाही. पुढच्या लग्नसराया करोनात गेल्या. तेवढ्या वेळात त्या प्रश्नावर विचार करायला सवड मिळाली. मग पुन्हा काम सुरू करताना पहिली खरेदी केली ती शंभर पानी वहीची.

त्या वहीत काय आहे ते सांगतो. प्रत्येक कामाला किती माणसं सांगितली, किती आली, काय किती लागलं, काय उरलं, हे त्याच रात्री लिहायचं. असं लिहून लिहून आमची मापं तयार झाली. शंभर माणसांना, सोबत बाकीचे पदार्थ असतील तर, मसालेभाताला ८ किलो तांदूळ. आमटीला ३ किलो तूरडाळ. वांगं-बटाट्याच्या भाजीला चिरण्याआधीची १२ किलो भाजी. चपातीला १० किलो कणीक. खपलीच्या खिरीला ४ किलो गहू आणि तेवढाच गूळ. वर दहा माणसांचं जास्तीचं धरायचं. ही मापं आमच्या भागातल्या खाण्याची आहेत. तुमच्याकडं भात जास्त खात असतील तर तुमची वही वेगळं सांगेल.

आता एक गोष्ट नीट ऐका. घरचं माप शंभरानं गुणून चालत नाही. घरी वाटीभर तांदळाला दोन वाट्या पाणी घालतो. मोठ्या पातेल्यात तेवढ्या हिशोबानं पाणी घातलं तर भाताचा चिखल होतो, कारण मोठ्या पातेल्यातून वाफेनं पाणी त्या मानानं कमी जातं. आम्ही दीडपटीनं सुरुवात करतो आणि बाजूला आधण ठेवतो. लवंग, दालचिनी, मिरची यांचंही तेच. आधी पाऊण माप घालायचं, चव बघायची, मग वाढवायचं. आणि मोठं पातेलं विस्तवावरून उतरलं तरी आत बराच वेळ शिजत राहतं, म्हणून कणभर आधीच उतरायचं. खिरीत गहू पूर्ण शिजल्याशिवाय गूळ घालायचा नाही. एकदा गूळ पडला की गहू पुढं मऊ होत नाही.

आता आमची चूक. मे महिना होता, लग्न संध्याकाळचं, पाचशे माणसं. एवढं मोठं काम पहिल्यांदाच घेतलं होतं आणि वेळेत होणार नाही ही भीती. म्हणून आम्ही सकाळी दहालाच ४० किलो तांदळाचा भात मोकळा शिजवून ठेवला. संध्याकाळी फोडणी देऊन भाजीत परतायचा, असा बेत. भात कोमट असतानाच मोठ्या पातेल्यात भरला आणि वर झाकण घातलं. पाच वाजता झाकण उघडलं तर आंबूस वास आला. मधला भात हाताला चिकट लागत होता.

पाहुण्यांच्या गाड्या यायला लागल्या होत्या. यजमानांच्या घरातले एक मामा आत आले, वास घेतला आणि म्हणाले, "वरून लिंबू पिळा, चांगली झणझणीत फोडणी द्या. कुणाला कळतंय?" खरं सांगायचं तर आमच्यातल्याही निम्म्या जणी तयार झाल्या होत्या. पुन्हा गरम केला की काय होतंय, असं त्यांचं म्हणणं. पहिलं मोठं काम, सगळ्या गावापुढं लाज जाणार, पैसे बुडणार. तेव्हा आत्या म्हणाली, "संध्याकाळी पंगतीत माझी नातही बसणार आहे. तिच्या पानात कोण वाढणार ते आधी सांगा." कुणीच पुढं आलं नाही.

मागं खड्डा काढून सगळा भात पुरला. जनावरांनाही घातला नाही, कारण एकदम एवढा शिजलेला भात खाल्ला की गुराचं पोट फुगतं, जीवही जातो. दोघी टेम्पोतून तांदूळ आणायला पळाल्या. पंगत दीड तास उशिरा बसली. लोक बोलले. तांदूळ, तेल, गॅस आमच्या पैशातून भरला, त्यात नऊ जणींची त्या दिवसाची मजुरी गेली. पुढची दोन कामंही हातची गेली. पण त्या रात्री पाचशे माणसं जेवून धडधाकट घरी गेली.

नंतर आम्ही आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंना विचारलं. त्यांनी सांगितलं ते प्रत्येकीनं लक्षात ठेवावं. भात शिजला तरी काही जंतूंची बीजं त्यात तग धरून राहतात. भात तासन् तास कोमट राहिला की ती वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. म्हणजे मामांचं ऐकलं असतं तर वास गेला असता, पण विष राहिलं असतं. मग उलट्या-जुलाबानं मुलं आणि म्हातारी माणसं आधी पडली असती.

तेव्हापासून आमचे काही नेम आहेत. भात सगळ्यात शेवटी, पंगतीच्या आधी तासभर. शिजलेलं अन्न एकतर कडकडीत गरम, म्हणजे ६० अंशांच्या वर, नाहीतर थंडगार, म्हणजे फ्रीजमधल्यासारखं ५ अंशांच्या खाली. मधलं कोमट दोन तासांच्या वर ठेवायचं नाही. काही थंड करायचंच असेल तर पसरट परातीत पातळ थर करून पसरायचं, खोल पातेल्यात कधीच नाही. उन्हाळ्यात संध्याकाळच्या जेवणाला खव्याचं आणि बासुंदीचं काम आम्ही घेत नाही, यजमान रागावले तरी. टँकरचं पाणी शुद्धीकरणाचं औषध घालून अर्धा तास ठेवल्याशिवाय वापरत नाही. मठ्ठ्यात बर्फ घालत नाही, मठ्ठ्याची भांडी बर्फात ठेवतो. जिच्या हाताला जखम आहे किंवा जिचं पोट बिघडलंय तिनं त्या दिवशी हिशोब आणि भांडी बघायची, मजुरी तिला सारखीच. मजुरी कापली असती तर तिनं दुखणं लपवलं असतं.

आणि नोंदणी. अन्न सुरक्षेचा कायदा २००६ चा आहे, त्याप्रमाणं जेवण करून विकणाऱ्या लहान व्यवसायालाही नोंदणी लागते. अर्ज ऑनलाइन भरतात. आम्ही काढली तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती. तो कागद असला की शाळा, बँक, सरकारी कार्यक्रम यांचं काम मागता येतं.

आता मजुरीचं. भात पुरला त्या दिवशी आम्हाला एक उमजलं. नुकसान झालं तेव्हा ते भरायला सगळ्यांनी आमच्याकडं बोट दाखवलं. मग जबाबदारी आमची, तर मोलही आमचंच ठरलं पाहिजे. आता काम घेताना कागदावर लिहून देतो. किराणा, भाजी, गॅस, भांड्यांचं भाडं, टेम्पो, माणशी मजुरी आणि वर तुटफुटीसाठी शंभराला दहा. अर्धे पैसे आगाऊ. माणसं किती ते यजमानांनी आठ दिवस आधी सांगायचं, नंतर वाढली तर दर ठरलेला. "घरच्याच बाया तुम्ही, पैसे कसले बोलता?" असं अजूनही ऐकावं लागतं. आम्ही हसून सांगतो, "मांडववाला पण घरचाच आहे की, त्याला देताच ना?"

याचा अर्थ आम्ही फुकट हात हलवत नाही असा नाही. एका वर्षी माउलींची पालखी नातेपुत्याला मुक्कामी होती तेव्हा एका दिंडीला भाकरी-पिठल्याचं जेवण द्यायचं आम्ही ठरवलं. तीनशे वारकरी, माणशी दोन, म्हणजे सहाशे भाकरी. किलोच्या नऊ भाकरी धरून ७० किलो बाजरीचं पीठ नेलं. एक जण पिठल्यावर, आठ जणी भाकरीला. तासाला एकीच्या तीस धरल्या तर अडीच तासांचं काम, हिशोब चोख. पण पावसाला हिशोब कुठला? शंभर भाकरी झाल्या नाहीत तोवर वारं सुटलं, ताडपत्री उडाली, चुली विझल्या, जळण भिजलं. आम्ही पिठावर पदर धरून उभ्या. तेवढ्यात शेजारच्या घरातली एक बाई आली आणि म्हणाली, "पीठ द्या इकडं." तिनं दहा किलो नेलं, मग तिची जाऊ आली, मग समोरच्या आळीतल्या बाया. दीड तासात टोपल्या भरून परत आल्या. भाकरी कुठं जाड, कुठं पातळ, पण सहाशेच्या वर भरल्या. त्या बायांची नावंही आम्हाला माहीत नाहीत.

त्या दिवसाची मजुरी आम्ही घेतली नाही, आणि त्याचं कुणालाच वाईट वाटलं नाही. सेवा आपण आपल्या मनानं ठरवून केली तर ती सेवा. दुसऱ्यानं आपल्याला न विचारता धरून चालायचं, ती वेठ. साडीचोळीच्या लग्नात आमचं नेमकं काय दुखलं होतं, ते तेव्हा समजलं.

आपल्या आधीच्या बायांनीही हेच केलंय. आपल्या भागातले किती तरी बापे मुंबईच्या गिरण्यांत होते. गिरणगावात त्यांना जेवू घालायला बायांनी घरातच खानावळी चालवल्या. उधारीवर किराणा, सावकाराचं व्याज, दिवसरात्र चूल, आणि तरी त्यांना कुणी कामगार म्हणत नव्हतं. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली त्या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. चूल तीच होती. फरक पडला तो एकत्र येण्यानं आणि हिशोबानं.

तर बायांनो, तुमच्या गटाला हे काम करायचं असेल तर एकदम पाचशे पानं घेऊ नका. पन्नासाचं एक बारसं घ्या. वही आणा. त्याच रात्री लिहा. भात शेवटी शिजवा. आणि कधी झाकण उघडल्यावर वास आला तर तिथं उभ्या राहून वाद घालू नका, खड्डा काढा. पैसे पुढच्या लग्नसराईत फिटतात. आमचे फिटले.

पुढच्या सोमवारी आम्हाला सप्ताहाच्या काल्याचं जेवण आहे, आठशे पानं. गहू आज रात्री निवडायला घ्यायचा आहे. येतो आता. रामराम.