समता, साक्षरता आणि तीन लिप्या
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



‘साम्यवादी राजवटीतील सामाजिक समता’ हा विषय माझ्याकडे सोपवताना आपल्या चिटणीसांनी हळूच सुचवले होते, की राजकारण जरा बेताने घ्यावे. ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून बोलायचे म्हणून मी त्यातला एकच धागा उचलला आहे. उझबेकिस्तानातील सामान्य माणसाच्या हाती अक्षर कसे आले, आणि त्यासाठी कोणाला काय द्यावे लागले, एवढेच मी आज सांगणार आहे. ताश्कंद म्हटले की आपल्याला शास्त्रीजींचे जानेवारी १९६६ मधले निधन आठवते. त्याच शहराची आणि त्याच्या आसपासच्या मुलखाची ही हकीकत.

२६ डिसेंबर १९१९ रोजी लेनिनच्या सहीने एक हुकूम निघाला. आठ ते पन्नास वर्षे वयाच्या प्रत्येक निरक्षराने मातृभाषेतून किंवा रशियनमधून लिहा-वाचायला शिकलेच पाहिजे, आणि नोकरी करणाऱ्याला त्यासाठी पगार न कापता दोन तासांची सवलत मिळावी. यादवी युद्ध पेटलेले, भाकरीची भ्रांत, आणि सरकार पाटी-पेन्सिलीचा विचार करत होते! बडोदेकरांना याचे फार नवल वाटू नये. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डनसाहेबांना आणून गावोगाव वाचनालयांचे जाळे विणायला घेतले. वरून आलेली सुधारणा कशी असते, हे आपल्या वाडवडिलांनी पाहिले आहे.

१८९७ च्या जनगणनेत त्या मुलखात शंभरात चारजणही साक्षर नव्हते. १९३९ मध्ये तेच प्रमाण सुमारे ७८ वर गेले. आकडे सरकारी आहेत, तेव्हा थोडी सूट देऊन वाचावेत. पण सूट देऊनही बदल प्रचंडच ठरतो, आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. शेतमजुराची मुलगी शाळेत बसली आणि पुढच्या पिढीत शिक्षिका, डॉक्टर झाली.

मात्र त्या मुलीच्या आईचे काय झाले, तेही ऐकले पाहिजे. तिथल्या शहरी स्त्रिया परंजी नावाचा पायघोळ बुरखा घेत आणि तोंडावर घोड्याच्या केसांची जाळी सोडत. ८ मार्च १९२७ रोजी त्याविरुद्ध ‘हुजूम’ नावाची मोहीम सुरू झाली. उर्दूत हुजूम म्हणजे गर्दी, पण तिकडे त्याचा अर्थ हल्ला, चढाई. भर चौकात बुरख्यांच्या होळ्या झाल्या, भाषणे झाली. संध्याकाळी मात्र ती बाई एकटीच आपल्या गल्लीत परतली. दोन-तीन वर्षांत शेकडो स्त्रिया नातलगांच्या आणि शेजाऱ्यांच्या हातून मारल्या गेल्या. नूरखॉन ही तरुण नर्तकी १९२९ मध्ये सख्ख्या भावाच्या हातून मेली. सुधारणेची तारीख ठरवणाऱ्यांना त्या गल्लीतला पहारा ठरवता आला नाही, हे मला त्या मोहिमेचे सर्वांत मोठे अपयश वाटते.

आता लिपीकडे वळतो. उझबेक भाषा शतकानुशतके अरबी अक्षरांत लिहिली जाई. अंदिजानच्या बाबराने आपले आत्मचरित्र त्याच अक्षरांत लिहिले. या लिपीत तुर्की स्वर नीट उमटत नाहीत, नवशिक्याला ती जड जाते, ही तक्रार खरीच होती. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाअखेर लॅटिन लिपी आली. तुर्कस्तानानेही १९२८ मध्ये तेच केले होते. पण जेमतेम बारा वर्षांत, १९४० मध्ये, तीही गेली आणि रशियनांची किरिल लिपी आली. पहिल्या बदलाने लोक मुल्लांपासून आणि भूतकाळापासून तुटले, दुसऱ्याने ते मॉस्कोशी बांधले गेले. १९२५ मध्ये मोठ्या कष्टाने अक्षरओळख झालेला माणूस पंधरा वर्षांत दोनदा पुन्हा निरक्षर झाला. अरबी अक्षरांतले पुस्तक घरात सापडणेसुद्धा संशयाला पुरेसे होते. कित्येकांनी पुस्तके भिंतीत चिणली, अंगणात पुरली.

आणि ज्यांनी ही नवी वाट आधी मागितली होती, त्यांचे काय? नव्या शाळा हव्यात, मुलींना शिकवा, असे म्हणणारे तिथले जदीद सुधारक क्रांतीच्या आधीपासून झगडत होते. अब्दुल्ला कादिरी, चोलपान आणि फितरत हे त्याच परंपरेतले लेखक. कादिरीची ‘ओत्कन कुन्लर’, म्हणजे ‘सरलेले दिवस’, ही उझबेक भाषेतली पहिली कादंबरी मानली जाते. ४ ऑक्टोबर १९३८ रोजी या तिघांनाही गोळ्या घालण्यात आल्या. ज्या वर्षांत वाचकांची संख्या वाढत होती, त्याच वर्षांत त्यांनी वाचावे असे लिहिणारे संपवले जात होते. स्टालिनच्या मृत्यूनंतर कादिरीचे नाव निर्दोष ठरले, त्याची कादंबरी पुन्हा छापली गेली, अर्थात किरिलमध्ये. १९९३ मध्ये स्वतंत्र उझबेकिस्तानाने पुन्हा लॅटिन लिपीचा कायदा केला. आजही तिकडे दोन्ही लिप्या शेजारी शेजारी नांदतात. आजोबा एका लिपीत वाचतात, नातू दुसरीत.

माझ्या घरी आजोबांच्या हातची काही मोडीतली पत्रे आहेत. मोडी कोणी धाकाने बंद केली नाही. ती कचेरीतून गेली, मग शाळेतून गेली, आणि आम्हीही ती जाऊ दिली. मला त्यांतले एक अक्षर लागत नव्हते. ती वाचून देणारे वृद्ध गृहस्थ मला याच ग्रंथालयाच्या वाचनकक्षात भेटले. तीन दुपारी ते माझ्यासाठी बसले आणि आजीच्या आजारपणाचे पत्र त्यांनी दोनदा वाचून दाखवले.