आरोग्यसंस्थेच्या मुलाखतीला जाताना

(सीमाभागातील युवक-युवतींच्या रोजगार मार्गदर्शन मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मला ‘यशाची गुरुकिल्ली’ या विषयावर बोलायला सांगितले आहे. ती किल्ली माझ्याकडे नाही. मी एका मोठ्या धर्मादाय आरोग्यसंस्थेत दोनदा मुलाखत दिली, एकदा नापास झाले, एकदा निवड झाली. आता उमेदवारांच्या समोरच्या खुर्चीत बसायची वेळ येते. तेवढेच सांगते. संस्थेचे नाव घेणार नाही. क्षयरोग आणि कुष्ठरोगाचे तिचे काम अनेक जिल्ह्यांत चालते, एवढे पुरे.

मी खानापूर तालुक्यातली. शाळा मराठी, पुढे बेळगावात समाजकार्याची पदवी. बाबांनी मोर्चात लाठ्या खाल्लेल्या. अशा घरातून मी पहिल्या मुलाखतीला गेले. मंडळात तिघे होते. पहिला प्रश्न इंग्रजीत आला, लग्न कधी करणार? दुसरा कन्नडमध्ये. तो मला समजला नाही असे नाही. पण मी ताठ बसून सांगितले, माझी मातृभाषा मराठी आहे आणि मी मराठीतच बोलणार. मग 1967 च्या महाजन अहवालापासून सुरुवात करून पाच-सात मिनिटे भाषणच दिले. तिघांनी ऐकून घेतले, ‘थँक्यू’ म्हटले.

बाहेर आले तेव्हा वाटले, गड जिंकला. घरी बाबा ‘शाबास’ म्हणाले. आई काही बोलली नाही. घरखर्चाचा हिशेब तिच्याकडे असायचा.

तो कन्नडमधला प्रश्न काय होता, सांगते. क्षयाचा रोगी औषध मध्येच का सोडतो? याचे उत्तर मला येत होते. आमच्याच गल्लीत मी ते पाहिले होते. औषध साधारण सहा महिने घ्यायचे असते आणि माणसाला काही आठवड्यांतच बरे वाटू लागते. खोकला थांबतो, अंगात ताकद येते, तो कामावर जातो, गोळ्या राहतात. मग रोग उलटतो आणि नेहमीच्या औषधाला दाद देत नाही. हे मी मराठीत सांगितले असते तरी त्यांनी ऐकले असते. मी सांगितलेच नाही. नोकरी दुसऱ्या मुलीला मिळाली. तिच्यावर मी बरेच दिवस राग धरला, तोही चुकीचा.

लग्नाचा प्रश्न मात्र तेव्हाही गैर होता, आजही गैर आहे. मुलींनो, तुम्हाला विचारला तर चिडू नका, लाजूही नका. ‘याचा कामाशी संबंध काय, ते सांगाल का?’ एवढेच विचारा. बहुतेक वेळा समोरचा कागद चाळू लागतो.

दोन वर्षांनी पुन्हा जाहिरात आली. या वेळी मंडळात एक वयस्क डॉक्टर होते. त्यांनी पदवीचा कागद पाहिलासुद्धा नाही. म्हणाले, ‘गावात एका बाईला कुष्ठरोगाचा चट्टा आहे असे कळले आहे. तुम्ही संस्थेच्या जीपमधून गेलात. जीप कुठे थांबवाल?’

मी म्हटले, ‘गावाबाहेर, सर. गाडीवर संस्थेचे नाव आहे. ती दारात थांबली तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल. त्या बाईच्या मुलीचे ठरलेले लग्न मोडेल. मी चालत जाईन, आधी दोन-चार घरी पाणी मागेन, मग तिच्याकडे.’

डॉक्टर पहिल्यांदा हसले. कुष्ठरोगाचे औषध फुकट मिळते, सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो. राष्ट्रीय पातळीवर या रोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आल्याचे 2005 साली जाहीर झाले. तरी चट्टा लपवला जातो तो लोकांच्या भीतीने. हे ज्याला कळते तो माणूस या संस्थांना हवा असतो. पुस्तकातली व्याख्या पाठ असली तर चांगलेच, पण तिच्यावर निवड होत नाही.

मग पुन्हा तोच प्रश्न : कन्नड येते का? मी कन्नडमध्येच उत्तर दिले, मोडकेतोडके. बैलहोंगलकडे पाठवलेत तर सहा महिन्यांत नीट बोलेन, म्हटले. आणि मग विचारले, ‘सर, खानापूरच्या पश्चिमेकडच्या गावांत तुम्ही जो संमतीचा कागद देता तो कन्नड आणि इंग्रजीत आहे. तिथल्या बायका मराठी वाचतात. न वाचता केलेली सही संमती कशी?’ खोलीत शांतता. संशोधनासाठी माणसाची संमती त्याला समजणाऱ्या भाषेतच घ्यावी, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे, आणि उपचारालाही तोच न्याय लागतो. ते डॉक्टरांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते. निवड झाली. पुढे तो कागद मराठीत आला. भाषांतर मीच केले, रात्री जागून, त्याचे वेगळे पैसे मिळाले नाहीत!

आता पैशाचे. या नोकऱ्या बहुधा प्रकल्पावर असतात. देणगी संपली की नोकरी संपते. परदेशी देणगीच्या कायद्यात 2020 साली दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून वीस टक्क्यांवर आली आणि मोठ्या संस्थेने तो निधी लहान संस्थेला देणेही बंद झाले. त्यामुळे ‘प्रकल्प कोणत्या महिन्यापर्यंत आहे, भविष्यनिर्वाह निधी कापता का?’ हे विचारायला संकोच करू नका. सेवाभाव म्हणून पगार विचारायचा नाही, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. दुकानदार सेवाभावावर तांदूळ देत नाही.

शेवटी एक विषय, जो काही ज्येष्ठांना रुचणार नाही. महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तो आपला आहे आणि एक नोव्हेंबरला मी काळी फीत बांधते. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्के किंवा जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत मिळाव्यात, हे संरक्षण आपण मागतच राहू. पण आपल्या मुलांनी मुलाखतीत कन्नड प्रश्नाला तोंड फिरवले की ती जागा जाते, आणि मग खानापूरच्या म्हातारीशी मराठीत बोलणारा माणूस त्या जीपमध्ये नसतो. तोटा कोणाचा झाला?

म्हणून मी कार्यकारिणीला विनंती केली आहे की दर रविवारी मंडळाच्या सभागृहात सराव मुलाखती घ्याव्यात, आणि त्याच्या आधी एक तास कन्नड संभाषणाचा वर्ग. मागच्या बैठकीत यावर आवाज चढले, हे मला माहीत आहे. बाबाही तिथे होते. ते विरोधात बोलले, आणि रात्री घरी येऊन म्हणाले, ‘वर्गाला शिक्षक कोण आणणार आहेस?’ शिक्षिका मिळाल्या आहेत. आमच्या शेजारच्याच, निवृत्त, मराठीही छान बोलतात. सभागृहाची किल्ली तेवढी अजून मिळालेली नाही. नावे मात्र आजच लिहून घेते, वही इथे टेबलावर आहे.