यादी बाईच्या हाती हवी
(अकोल्यातील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज मी कायद्यावर बोलावं असं ठरलं होतं. कायद्यावर बोलणारच आहे, पण सुरुवात एका संग्रहालयापासून करते.

मागच्या वर्षी आम्ही आठ जणी शिबिरासाठी पुण्याला गेलो होतो. परतीची महाराष्ट्र एक्सप्रेस रात्रीची होती, त्यामुळे दुपार मोकळी होती. कुणीतरी म्हणालं, बाजीराव रस्त्याजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, ते पाहू. खरं सांगते, मला फारसा उत्साह नव्हता. लहानपणी नागपूरचा अजबबंगला पाहिलेला. संग्रहालय म्हणजे तलवारी, नाणी आणि पेंढा भरलेली जनावरं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आत गेलो तर समोर दिवे, अडकित्ते, विळ्या, शेवयांचे सोरे, कुंकवाचे करंडे, पाय घासायच्या वजऱ्या! आमच्यातली एक पासष्टीची बाई, जन्मभर शेतात राबलेली, काचेपाशी थांबली आणि मोठ्यानं म्हणाली, "हे त आपल्याच घरचं हाय व बाई! याले तिकीट कायले?" आम्ही सगळ्या हसलो. पण पुढच्या दालनात कुणी फारसं बोललं नाही. प्रत्येक जण आपल्या आईचं, आजीचं काहीतरी शोधत होती.

हा संग्रह दिनकर गंगाधर केळकर यांनी जमवला. 'अज्ञातवासी' या नावानं ते कविता लिहीत. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या आठवणीसाठी संग्रहालयाला त्याचं नाव दिलं. पत्नी कमलाबाई यांची त्यांना या कामात साथ होती. गावोगाव फिरून त्यांनी २० हजारांहून अधिक वस्तू गोळा केल्या आणि १९७५ साली संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. लोक जी वस्तू मोडीत काढत होते, तिच्यात या माणसाला कला दिसली. बायकांच्या रोजच्या हाताखालची वस्तू जपण्याजोगी असते, हे त्यानं ओळखलं. त्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

तरी पाट्या वाचताना काहीतरी टोचत होतं. वस्तूचं नाव, धातू, काळ, गाव. ज्या विळीची मूठ झिजलेली, ती कुणाच्या हातानं झिजली? मोठ्या अक्षरात मला दिसलेलं बाईचं नाव एकच, मस्तानीचं. कोथरूडचा तिचा महाल इथं आणून पुन्हा उभा केला आहे. स्वयंपाकघरातल्या बाईचं नाव कुठंच नाही. यात केळकरांना दोष नाही. मोडीच्या दुकानात आलेल्या भांड्यासोबत बाईचं नाव येत नाही. ते आधीच पुसलेलं असतं.

नाव असू शकतं, हेही आपल्याला ठाऊक आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी गावोगावच्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या. एक लाखाच्या वर. ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव लिहून ठेवलं. लिहायचं ठरवलं तर लिहिता येतं.

आता घरी या. आपल्या मांडणीवरची भांडी आठवा. दुकानात मशीननं नाव घालून दिलेली. कुणाचं नाव असतं? मामाचं, काकाचं, नाहीतर नवऱ्याचं. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात पितळी गुंड, गंज, परात, ताटं, सगळं दिलं होतं. काही वर्षांनी तिला एका पेटीनिशी माहेरी धाडलं. भांडी मागायला गेलो तर सासरचे म्हणाले, "ही आमचीच आहेत, यादी दाखवा." यादी कुठली? ज्या सात भांड्यांवर आमच्या वडिलांचं नाव होतं, तेवढी परत मिळाली. बाकीची तिचीच होती, पण कागद नव्हता. दागिन्यांचं तर विचारूच नका.

संग्रहालयात मला तीच भांडी दिसत होती. तिथं प्रत्येक वस्तूला क्रमांक आहे, नोंदवहीत जागा आहे. माझ्या बहिणीच्या परातीला ती नव्हती.

म्हणून आता कायदा. स्त्रीधन बाईच्याच मालकीचं, ते सासरी ठेवलं म्हणून नवरा त्याचा भागीदार होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात दिला. त्याच वर्षी हुंडाबंदी कायद्याखाली यादीचे नियम आले. लग्नाच्या वेळी वधूला मिळालेल्या भेटींची यादी करायची. त्यात वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहायचं. खाली वधू-वर दोघांच्या सह्या. सही येत नसेल तर यादी वाचून दाखवून अंगठा. आणि वधूची यादी वधूनंच ठेवायची. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मॅजिस्ट्रेट स्त्रीधन परत करण्याचा आदेश देऊ शकतात. तिथंही कागद हाती असला की बोलायला बळ येतं.

एक खुलासा करते. यादी म्हणजे हुंड्याला परवानगी नव्हे. हुंडा देणं-घेणं गुन्हाच आहे. पण जे प्रेमानं दिलं, ते कुणाचं हे तरी लिहिलेलं असावं.

आपल्याकडे लग्नात जेवणावळीचा हिशेब असतो, आहेराची वही असते. ती वही बहुतेक घरांत पुरुषाच्या हातात, परतफेडीसाठी. नवरीच्या हातात मात्र काहीच नसतं.

तर माझं मागणं एवढंच आहे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एक कागद आणा. आपल्या नावावर, आपल्या हक्काचं काय काय आहे ते लिहा. भांडी, दागिने, शिवणयंत्र, शेळी, जे असेल ते. जिला लिहिता येत नाही, तिनं शेजारणीला सांगा. आणि तुमच्या गावात लग्न ठरलं, की नवरीच्या आईला जाऊन या यादीबद्दल सांगा. आई ऐकणार नाही, "शुभकार्यात असलं काय काढता?" म्हणेल. तेव्हा माझ्या बहिणीची गोष्ट सांगा.

आपल्या वस्तू पुढं कधी काचेमागं जातील न जातील. पण त्या आपल्या आहेत हे लिहिलेला कागद आजच आपल्याजवळ हवा.