शस्त्रक्रियेपूर्वीची संमती : सही आणि समज

(न्यासाच्या किहीम येथील वार्षिक सभेत एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



‘पिशवी काढली’ हे शब्द आपल्याकडे सहज कानी पडतात. मुले झाली, आता पिशवीचे काय काम, असा भाव त्यामागे असतो. ही शस्त्रक्रिया अनेकदा आवश्यक असते आणि ती वेळेवर झाल्याने कित्येक स्त्रियांचे जीवन सुसह्य झाले आहे. मात्र काढलेले गर्भाशय परत बसवता येत नाही. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी घेतल्या जाणाऱ्या संमतीचा विचार गांभीर्याने करावयास हवा. संमती म्हणजे त्या स्त्रीला मिळालेली माहिती व तिने स्वतः घेतलेला निर्णय. सही किंवा अंगठा ही त्याची केवळ नोंद होय.

या विषयात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली खटल्यात दिलेला निकाल मार्गदर्शक आहे. घटना दिल्लीतील, १९९५ सालची. पाळीच्या लांबलेल्या रक्तस्रावासाठी आलेल्या ४४ वर्षांच्या अविवाहित स्त्रीने दुर्बिणीतून तपासणी व उपचार आणि गरज भासल्यास पोट उघडणे, एवढ्याला लेखी संमती दिली होती. ती भुलेखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेण्यात आली आणि गर्भाशय, दोन्ही अंडाशये व बीजवाहिन्या काढण्यात आल्या. न्यायालयाने विचारले ते असे : रुग्ण सज्ञान होती, काही वेळाने शुद्धीवर येणारच होती आणि प्राणावर बेतलेले नव्हते, मग तिलाच का विचारले नाही? तपासणीची संमती ही उपचाराची संमती ठरत नाही आणि सज्ञान स्त्रीच्या वतीने आईलाही संमती देता येत नाही, असा निर्णय झाला. डॉक्टरांचा हेतू रुग्णाच्या हिताचा होता हे ध्यानी घेऊनही न्यायालयाने त्यांचे शुल्क नाकारले आणि २५,००० रुपये भरपाई देवविली. रक्कम मोठी नव्हती. तत्त्व मोठे होते.

रुग्णाला कोणती माहिती द्यावी, हेही याच निकालाने सांगितले आहे. शस्त्रक्रियेचे स्वरूप; तिचा उद्देश व लाभ; दुसरे उपाय असल्यास ते; ठळक धोके; आणि शस्त्रक्रिया नाकारल्यास होणारे परिणाम. क्वचित उद्भवणाऱ्या प्रत्येक धोक्याची यादी वाचून रुग्णाला भयभीत करणे न्यायालयालाही अपेक्षित नाही.

यांतील ‘दुसरे उपाय’ हा मुद्दा स्त्रीरोगांत विशेष महत्त्वाचा आहे. अति रक्तस्रावावर गोळ्या असतात. गर्भाशयात बसवावयाचे संप्रेरकयुक्त साधन असते. गाठ असल्यास अनेकदा केवळ गाठ काढता येते. अंगावरून पांढरे जाते, एवढ्यावरून पिशवी काढण्याचे कारण नाही. तसेच पाळी नैसर्गिकरीत्या जाण्यापूर्वी दोन्ही अंडाशये काढल्यास रजोनिवृत्ती एकाएकी येते, अंगातून वाफा निघतात, हाडे लवकर ठिसूळ होतात. म्हणून गर्भाशयाबरोबर अंडाशये काढावयाची की ठेवावयाची, हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि तो स्वतंत्रपणेच विचारला गेला पाहिजे.

आता नवऱ्याच्या सहीविषयी. सज्ञान पत्नीच्या संमतीची जागा नवऱ्याची सही कधीही घेऊ शकत नाही. वैद्यकीय गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यानुसार सज्ञान, मानसिकदृष्ट्या सक्षम स्त्रीची एकटीची संमती पुरेशी असते. ज्या शस्त्रक्रियेमुळे वंध्यत्व येऊ शकते, तिच्यासाठी भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत पती व पत्नी दोघांची संमती सांगितली आहे. तेथेही नवऱ्याची सही पत्नीच्या सहीच्या जोडीने येते, तिच्याऐवजी नव्हे. घरच्यांशी विचारविनिमय अवश्य व्हावा. शेवटचा शब्द मात्र जिचे शरीर तिचाच.

याला एक अपवाद आहे. प्रसूतीनंतरचा आटोक्याबाहेर गेलेला रक्तस्राव, फाटलेले गर्भाशय किंवा नळीत फुटलेला गर्भ अशा वेळी रुग्ण बेशुद्ध असेल, तर डॉक्टरने सहीची वाट पाहू नये. प्राण वाचविण्यासाठी आवश्यक ते करण्यास कायद्याची मुभा आहे. परंतु सोय आणि निकड यांत अंतर आहे. ‘पोट उघडलेच आहे तर तेही उरकून घेऊ’ ही निकड नव्हे.

माहितीविना दिलेल्या संमतीचे दुष्परिणाम आपल्याच राज्याने पाहिले आहेत. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आल्यावर २०१९ साली राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,००० हून अधिक स्त्रियांपैकी १३,००० हून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीमुळे खाडा झाला तर मजुरी बुडते आणि दंडही बसतो; त्यात कर्करोगाची भीती घातली जाते; मग सही करण्यास वेळ लागत नाही. अशा सहीला संमती कसे म्हणावे? केंद्र शासनाने २०२२ साली अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्या तीन महिन्यांत स्वीकाराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना दिला.

किहीमजवळ उसाचे फड नाहीत. परंतु मजुरी बुडण्याची चिंता आणि डॉक्टरांपुढे न बोलण्याची सवय येथेही आहे. ‘बायकांना यातले काय कळणार’ असे म्हणणाऱ्यांना मी शेजारच्या मांडव्याचे स्मरण देईन. १९७० च्या दशकात डॉ. नोशीर अंटिया यांनी तेथील आरोग्य प्रकल्पात गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना शिकवून त्यांच्या हाती गावाच्या आरोग्याचे काम सोपविले. त्यांना गावाचे आरोग्य कळले, तर आपल्या बहिणींना स्वतःचे शरीर का कळणार नाही? ‘डॉक्टर, तुम्हीच ठरवा’ असे एखादी म्हणाली, तर तो तिच्या विश्वासाचा भाग आहे. पण तिला समजावून सांगण्याचे आपले कर्तव्य तेवढ्याने संपत नाही.

म्हणून विश्वस्तांपुढे मी काही सूचना ठेवते. नियोजित शस्त्रक्रियेची संमती बाह्यरुग्ण विभागातच, पुरेसा वेळ देऊन घ्यावी. शस्त्रक्रियागृहाच्या दारात घेऊ नये. संमतीपत्र मराठीत असावे आणि परिचारिकेने ते रुग्णाच्या बोलीत समजावून सांगावे. काही वेळ नातेवाईकांविना तिच्याशी बोलावे. तिने स्वतःच्या शब्दांत ‘माझे काय काढणार आणि का’ हे सांगितल्यावरच सही घ्यावी. संमतीपत्राची प्रत तिला द्यावी. काढलेला अवयव पेशीतपासणीस पाठवून अहवाल तिच्या हाती द्यावा.

आणि भगिनींनो, आपणही विचारा : मला नेमके काय झाले आहे? दुसरा उपाय आहे का? थांबले तर काय होईल? अंडाशये राहणार की जाणार? दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेऊ का? या प्रश्नांनी चांगला डॉक्टर रागावत नाही. त्याचे काम सोपे होते. उत्तर पटेपर्यंत पेन हाती घेऊ नका, आणि सही केल्यानंतरही मन बदलले तर तसे सांगण्याचा आपणास पूर्ण अधिकार आहे.