काला आंब सर्वांत शेवटी

सुट्टीत दिल्लीला गेलेली आपली माणसं आग्रा-मथुरा करतात आणि त्यांतली काही एक दिवस पानिपतसाठी राखून ठेवतात. दिल्लीच्या उत्तरेला साधारण ९० किलोमीटर. गाडी थेट काला आंबच्या युद्धस्मारकाला जाते. स्तंभापुढं हात जोडायचे, डोळे पुसायचे, की परत दिल्ली. मीही पहिल्यांदा असाच गेलो होतो. परतीच्या वाटेवर जिवाला चुटपुट लागली की शहरात आपण पाऊलही टाकलं नाही. परीक्षेत पानिपत, निवडणुकीत पानिपत असं आपण सहज बोलतो. पण पानिपत हे नांदतं गाव आहे, हे मनात येतच नाही.

१४ जानेवारी १७६१ ही लढाईची तारीख आपल्याला पाठ आहे. त्याआधीचे अडीच महिने मात्र आपण चटकन ओलांडून जातो. १७६०च्या नोव्हेंबरपासून मराठा फौजेचे सेनापती भाऊसाहेब यांची छावणी या गावालगत होती. फौजेबरोबर बायका, मुलं, बाजारबुणगे, यात्रेच्या आशेनं निघालेले लोक. भोवती खंदक, आणि दक्षिणेला दिल्लीच्या वाटेवर अब्दाली. डिसेंबरात रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली आणि उपासमार सुरू झाली. आपली माणसं तिथं मेली हे खरं. पण त्याआधी ती तिथं राहत होती. त्यांच्या नजरेसमोर काय काय असेल, याच ओढीनं मी दुसऱ्यांदा गेलो.

काबुली बाग मशीद तेव्हाही तिथं होती. १५२६ साली इब्राहिम लोदीचा पाडाव केल्यावर पुढच्याच वर्षी बाबरानं ती बांधवली, म्हणजे भाऊसाहेब आले तेव्हा तिला दोनशे तेहेतीस वर्षं झाली होती. विटांचं काम, उंच कमान, मागे घुमट. सकाळी तिथं सहसा गर्दी नसते. लोदीची कबर त्याहून साधी आहे: विटांचा एक चौथरा, वर ना घुमट ना कळस. दिल्लीच्या लोदी बागेत त्याच्या बापाचा, सिकंदराचा, डौलदार मकबरा आहे. रणांगणावर पडलेल्या या सुलतानाला मात्र पानिपतची माती आणि वर उघडं आकाश एवढंच मिळालं. त्या चौथऱ्यापाशी मला आपलेच लोक आठवले. परक्याच्या कबरीपाशी आपलं दुःख असं भेटेल, असं वाटलं नव्हतं.

तिथून जुन्या वस्तीतून बू अली शाह कलंदरच्या दर्ग्याला जावं. हा सूफी १३२४ मध्ये वारला. माझं मन जिथं सर्वांत जास्त रमलं, ती जागा याच आवारात आहे: उर्दू कवी अल्ताफ हुसेन हाली यांची कबर. हाली १८३७ साली पानिपतात जन्मले. गालिबच्या सहवासात घडले आणि पुढे त्याचं चरित्र त्यांनीच लिहिलं. १९१४च्या अखेरीस ते गेले. त्याच वर्षी त्यांच्या वंशात, याच गावात, ख्वाजा अहमद अब्बास जन्मले. होय, मुंबईत आयुष्य काढलेले, ‘आवारा’ आणि ‘श्री ४२०’ लिहिणारे अब्बास! मराठी घरांत ज्यांची गाणी अजून गुणगुणली जातात, त्या चित्रपटांच्या लेखकाचं मूळ गाव पानिपत. हे मला शाळेत कुणी सांगितलं असतं, तर त्या नावाशी माझं नातं निराळं झालं असतं.

देवी तलावाचं मंदिरही चुकवू नका. लढाईनंतर मागे राहिलेल्या एका मराठ्यानं ते बांधलं, असं तिथं परंपरेनं सांगतात. हरियाणातला रोड समाजही आपली मुळं त्याच फौजेत सांगतो. तिथल्या एखाद्या घरी मराठी पाहुणा म्हणून बसलात, तर तुम्हाला लवकर उठू देणार नाहीत.

दुपारी बाजारात फिरा. दऱ्या, खेस, ब्लँकेटं यांचे ढीगच्या ढीग. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांनी इथल्या विणकामाला मोठं बळ दिलं. आज परदेशातून आलेले जुने लोकरी कपडे इथं पिंजून, त्यांचं सूत काढून नवी ब्लँकेटं विणतात. जिथं आपली माणसं पौषाच्या थंडीत कुडकुडली, त्या गावात आज निम्म्या देशाला पुरेल एवढी ऊब विणली जाते. मी एक खेस घेतला. तो अजून माझ्या उशाशी असतो. वेळ उरला तर कर्नालच्या वाटेवर घरौंडा इथं मुघल सराईच्या वेशी उभ्या आहेत, त्याही बघून घ्या.

हे सगळं झाल्यावर, चारच्या सुमारास काला आंबला जा. जानेवारी असेल तर वाटेत मोहरी फुललेली दिसेल. स्तंभापुढं हात जोडून झाले, की वळा आणि थोडा वेळ शहराकडे तोंड करून उभे राहा. त्या सकाळी आपली माणसं उपाशीपोटी निघाली, ती त्याच बाजूनं.